वजनकाट्याला न कळणारा यकृतविकार: पोटातली चरबी आणि हातापायांतला स्नायू

अकोल्याहून वाशिमकडे जाताना पातूरचा घाट चढून गेले की मालेगाव तालुक्यातले मेडशी लागते. राष्ट्रीय महामार्ग १६१ वरच्या या गावाभोवती खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा आणि गहू. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. यकृतात चरबी साठण्याचा आजार शहरातल्या लठ्ठ, सुखवस्तू माणसांचा, असा समज असलेल्या वाचकाला या विवेचनात मेडशीचे नाव अस्थानी वाटेल. प्रत्यक्षात हा विषय अशाच गावांचा आहे. हातपाय बारीक, पोट मात्र सुटलेले आणि वजन साठ किलोच्या आत, अशी शरीरयष्टी वऱ्हाडात कुठल्याही पारावर दिसते. अशा माणसाबद्दल सगळेच म्हणतात, ‘अंगाने तर किडकिडीत आहे, त्याला कसली आली चरबी?’ काट्यावरचा आकडाही तेच सांगतो आणि आजार वर्षानुवर्षे नजरेआड राहतो.

या लेखात तीन विधाने मांडायची आहेत. पहिले: यकृताची जोखीम एकूण वजनापेक्षा दोन गोष्टींवर जास्त अवलंबून असते, चरबी शरीरात कुठे साठली आहे आणि स्नायू किती व कसा आहे. दुसरे: स्नायू आणि यकृत यांचे नाते दुहेरी आहे. स्नायू कमी असला की यकृतावर चरबीचा भार वाढतो आणि यकृत निकामी होऊ लागले की ते स्नायू झिजवते. तिसरे: या दोन्ही गोष्टी गावपातळीवर साध्या साधनांनी ओळखता येतात आणि योग्य आहार व अंगमेहनतीने बऱ्याच प्रमाणात सुधारता येतात.

१. चरबीचे तीन मुक्काम

शरीरातली सगळी चरबी एका जातीची नसते. कातडीखालची चरबी मांड्या, नितंब, दंड आणि पोटाच्या वरच्या थरात असते. ती तुलनेने निरुपद्रवी, कारण जास्तीची ऊर्जा सुरक्षितपणे साठवणे हेच तिचे काम. दुसरी चरबी उदरपोकळीत, आतड्यांच्या भोवती असते. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले प्रवेशिनी शिरेवाटे थेट यकृतात पोचतात. तिसरी चरबी जिथे असायला नको तिथे साठते: यकृताच्या पेशींत, स्वादुपिंडात आणि खुद्द स्नायूंच्या तंतूंमध्ये. यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबीचे थेंब दिसले की त्याला मेदयुक्त यकृत म्हणतात. सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ असे लिहून येते ते हेच.

तिसऱ्या मुक्कामी चरबी का जाते, हे कणगीच्या उदाहरणाने समजते. कणगी मोठी असेल तर सुगीचे सगळे धान्य तीत मावते. ती लहान असेल तर बेताच्या पिकानेही भरते आणि उरलेले धान्य माजघरात, ओसरीत, जागा मिळेल तिथे ओतावे लागते. कातडीखालच्या चरबीची साठवणक्षमता ही शरीराची कणगी होय. ज्याची क्षमता जन्मतःच कमी, त्याच्या यकृतात थोड्याशा वजनवाढीनेही चरबी उतरते. याचा सर्वांत ठळक पुरावा एका दुर्मीळ आजारात मिळतो. मेदऱ्हास या आजारात कातडीखाली चरबी जवळजवळ नसतेच. हे रुग्ण दिसायला अत्यंत कृश असतात, पण त्यांचे यकृत चरबीने गच्च भरलेले असते आणि मधुमेहही तीव्र असतो. चरबी कमी असणे म्हणजे यकृत सुरक्षित असणे, हे समीकरण इथेच मोडते.

२. पुण्याजवळच्या सहा गावांतला पुरावा

भारतीय शरीराची ही वेगळी घडण जगापुढे नीट मांडली ती महाराष्ट्रातल्याच संशोधनाने. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. ही तफावत सर्व अवयवांत सारखी विभागली असती तर विशेष काही नव्हते. मोजमाप वेगळेच निघाले. स्नायू आणि पोटातले अवयव सर्वांत जास्त खुरटलेले होते आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार असे हे बाळ. मेडशीत जन्माला येणाऱ्या लहान चणीच्या बाळालाही हेच निष्कर्ष लागू पडावेत, कारण आईचे अपुरे पोषण आणि कष्टाची दिनचर्या दोन्हीकडे बरीचशी सारखी असण्याची शक्यता आहे.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा: २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांनाही काट्याने एकच प्रमाणपत्र दिले होते. बीएमआयमध्ये वजन असते, पण ते वजन कशाचे आहे हे त्यात नसते.

यकृताबाबतही हेच दिसले आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात २००६ मध्ये सडपातळ, निरोगी तरुणांची तपासणी झाली, तेव्हा भारतीय वंशाच्या पुरुषांच्या यकृतात इतरांच्या जवळपास दुप्पट चरबी आढळली. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात १,९११ ग्रामस्थांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ८.७ टक्के लोकांच्या यकृतात चरबी होती आणि त्यांतल्या तीन-चतुर्थांश लोकांचा बीएमआय २५ च्या आत होता. निम्म्याहून अधिक लोक ना लठ्ठ होते, ना त्यांचे पोट सुटलेले होते. म्हणजे केवळ नजरेने निवड केली असती तर निम्म्याहून अधिक रुग्ण हातचे सुटले असते. देशभरातल्या अभ्यासांचा २०२२ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा प्रौढांमधले मेदयुक्त यकृताचे प्रमाण ३८.६ टक्के निघाले. शहरी आणि रुग्णालयांतले अभ्यास त्यात अधिक आहेत, हे लक्षात घेऊनही आकडा लहान नाही.

३. स्नायू यकृताचे रक्षण कसे करतो

स्नायू म्हणजे हालचालीचे यंत्र, एवढीच त्याची ओळख अपुरी आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या सांगण्यावरून उचलून ग्लायकोजेनच्या रूपात साठवणारी शरीरातली सर्वांत मोठी जागा स्नायूच आहे. ही जागा कमी असेल, किंवा स्नायू इन्सुलिनला दाद देईनासा झाला असेल, तर तीच साखर यकृताकडे वळते आणि यकृत तिच्यापासून चरबी तयार करते. येलच्याच जेराल्ड शुलमन यांच्या गटाने २००७ मध्ये हे थेट दाखवले. इन्सुलिनला कमी दाद देणाऱ्या सडपातळ तरुणांना पिष्टमय जेवण दिले, तेव्हा त्यांच्या स्नायूंतली ग्लायकोजेनची साठवण सुमारे ६० टक्क्यांनी कमी होती आणि यकृतात नव्याने तयार होणारी चरबी दुपटीहून अधिक होती.

यकृतातली चरबी येते कुठून, याचा हिशेबही मांडला गेला आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेदयुक्त यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के शरीरातल्या चरबीपेशींतून रक्तात सुटलेल्या मेदाम्लांतून आली होती, २६ टक्के यकृताने साखरेपासून स्वतः बनवली होती आणि जेवणातल्या तेलातुपाचा वाटा फक्त १५ टक्के होता. म्हणून ‘तेल बंद केले, आता फॅटी लिव्हर जाईल’ हा उपाय अपुरा पडतो. तेल सोडले आणि दिवसाकाठी चार-पाच कप गोड चहा, बिस्किटे, पोहे, भात आणि पोळी यांवर भर दिला, तर २६ टक्क्यांचा तो मार्ग उघडाच राहतो.

दक्षिण कोरियाच्या २००८ ते २०११ या काळातल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या विश्लेषणात, लठ्ठपणा आणि इन्सुलिनचा प्रतिरोध हिशेबात घेतल्यानंतरही, स्नायू कमी असलेल्यांत मेदयुक्त यकृताचे प्रमाण अधिक दिसले. अशा पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण वर सांगितलेली यंत्रणा आणि ही आकडेवारी एकाच दिशेने बोट दाखवतात. शिवाय प्रयोगाचाही आधार आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे २०११ मध्ये मेदयुक्त यकृताच्या रुग्णांकडून आठ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांचे वजन घटले नाही, तरी यकृतातली चरबी सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाली.

चरबी आणि प्रथिने यांच्या नात्याची आणखी एक बाजू कुपोषणात दिसते. क्वाशिओरकर या आजारात मुलाला पिष्ट मिळते पण प्रथिने मिळत नाहीत. यकृतातली चरबी बाहेर नेण्यासाठी जी प्रथिनांची वेष्टणे लागतात ती तयार होत नाहीत आणि भुकेल्या मुलाचेही यकृत चरबीने फुगते. अतिपोषण आणि कुपोषण ही दोन टोके यकृतात अशी एकत्र येतात.

४. आजारी यकृत स्नायू कसा झिजवते

आता नात्याची उलट दिशा. मेदयुक्त यकृत, दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी यांपैकी कोणत्याही कारणाने वर्षानुवर्षे दाह चालू राहिला की यकृतात व्रणतंतू वाढत जातात आणि शेवटी सिऱ्होसिस होतो. या टप्प्यावर तीन प्रक्रिया स्नायूवर एकदम चाल करतात.

पहिली, उपासमार. निरोगी यकृतात रात्रभर पुरेल एवढा ग्लायकोजेनचा साठा असतो. सिऱ्होसिसमध्ये तो नसतो. त्यामुळे रात्रीचे जेवण आणि सकाळचा चहा यांमधल्या दहा तासांत अशा रुग्णाच्या शरीरात जी स्थिती निर्माण होते, ती निरोगी माणसाला दोन-तीन दिवस उपाशी ठेवल्यावर येते. साखर मिळवण्यासाठी शरीर स्नायूंतली अमिनो आम्ले मोडते. हे रोज रात्री घडते.

दुसरी, अमोनिया. प्रथिनांच्या विघटनातून निघणारा अमोनिया यकृत युरियात बदलते. यकृताला ते जमेनासे झाले की ते काम स्नायू अंगावर घेतो आणि अमोनियाचे ग्लुटामिन बनवतो. पण वाढलेला अमोनिया स्नायूच्या पेशीत मायोस्टॅटिन नावाचे द्रव्य वाढवतो आणि ते स्नायूची वाढ रोखते. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. श्रीनिवासन दासरथी यांच्या गटाने २०१३ मध्ये ही साखळी उलगडली. यातून दुष्टचक्र सुरू होते: स्नायू घटला की अमोनिया वाढतो, अमोनिया वाढला की स्नायू आणखी घटतो आणि मेंदूवर गुंगी, भ्रम यांचे सावट येते.

तिसरी, भूक मरणे. पोटात पाणी झाले की चार घासांत पोट भरते, तोंडाची चव जाते, मळमळ होते. त्यात दारू चालू असेल तर ती स्नायूतली प्रथिननिर्मितीच दाबते.

कॅनडातील एडमंटन येथे ११२ सिऱ्होसिसच्या रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ४० टक्के रुग्णांचे स्नायू घटलेले होते. त्यांचे मध्यक आयुर्मान १९ महिने निघाले. ज्यांचे स्नायू शाबूत होते त्यांचे ३४ महिने. यकृत तितकेच खराब असलेल्या दोन रुग्णांपैकी कोण जास्त जगेल, हे बऱ्याच अंशी मांड्या आणि पाठीचे स्नायू सांगतात.

आकाराइतकाच स्नायूचा दर्जाही महत्त्वाचा. स्नायूच्या तंतूंत चरबी शिरली की तो जागच्या जागी दिसतो पण जोर उरत नाही. बाहेरून सुटलेले शरीर आणि आतून झिजलेला स्नायू ही जोडी सर्वांत फसवी, कारण तिथे काटा वजन ‘भरपूर’ असल्याचे सांगतो.

५. काट्याचे वजन आणि खरे वजन: एक हिशेब

जलोदर झालेल्या रुग्णाच्या बाबतीत काटा किती दिशाभूल करतो हे आकड्यांतच पाहावे. समजा, १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे वजन ६२ किलो भरले. बीएमआय २२.८, म्हणजे उत्तम. पण त्याचे पोट पाण्याने तट्ट आहे आणि दोन्ही पायांवर सूज आहे. युरोपीय यकृततज्ज्ञांच्या संघटनेच्या पद्धतीनुसार पोटातल्या सौम्य पाण्यासाठी ५ टक्के, मध्यम पाण्यासाठी १० टक्के, जास्त पाण्यासाठी १५ टक्के आणि दोन्ही पायांच्या सुजेसाठी आणखी ५ टक्के वजन वजा करायचे. इथे २० टक्के वजा केले की खरे वजन ४९.६ किलो आणि खरा बीएमआय १८.२. काट्याने सुदृढ ठरवलेला माणूस कुपोषित निघाला. अशा रुग्णाच्या ‘हातापायाच्या काड्या झाल्या’ हे घरातल्या बाईने सहा महिन्यांपूर्वीच ओळखलेले असते. तिचे निरीक्षण वैद्यकीयदृष्ट्या अचूक असते. कमतरता असते ती ते नोंदवून घेणाऱ्याची.

आजार या थराला जाण्याआधी ओळखण्यासाठी आणखी एक साधे गणित आहे, फिब-४. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ (एसजीओटी आणि एसजीपीटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची विकरे). समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट १ लाख ६० हजार, म्हणजे हिशेबासाठी १६०. तर ५२ गुणिले ४८ म्हणजे २,४९६, भागिले १६० गुणिले ६ म्हणजे ९६०. उत्तर २.६. हा आकडा १.३ च्या आत असेल तर यकृतात गंभीर व्रणतंतू असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर शक्यता जास्त. मधल्या आकड्यांना पुढची तपासणी लागते. उदाहरणातला माणूस धोक्याच्या उंबरठ्यावर आहे आणि त्याचे एसजीपीटी मात्र ३६, म्हणजे बहुतेक प्रयोगशाळांच्या कागदावर ‘नॉर्मल’. यासाठी लागते ती एक रक्ततपासणी आणि मोबाइलमधला गणकयंत्राचा पडदा.

६. पथ्याचा प्रश्न

वऱ्हाडातच नव्हे, महाराष्ट्रभर यकृताचा आजार म्हटले की पहिल्यांदा आठवते पथ्य. कावीळ झाली की तेल बंद, डाळ बंद, दूध बंद, अंडी-मटण तर नावही नको. हळद पिवळी म्हणून तीही बंद. उसाचा रस, मुरमुरे आणि पाण्यासारखी पेज. विषाणूमुळे झालेली साधी कावीळ काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यामुळे श्रेय पथ्याला मिळते आणि तेच पथ्य सिऱ्होसिसच्या रुग्णाच्या ताटात येते. तिथे ते घातक ठरते. रोज रात्री स्नायू मोडणाऱ्या शरीराचा प्रथिनांचा पुरवठाच त्याने थांबतो.

एके काळी डॉक्टरही मेंदूवर परिणाम झालेल्या रुग्णाची प्रथिने तोडत असत. बार्सिलोनातील २००४ च्या चाचणीने दाखवले की प्रथिने तोडून रुग्ण लवकर शुद्धीवर येत नाही, उलट त्याच्या शरीरातली प्रथिने अधिक मोडतात. आज जगभरच्या मार्गदर्शक सूचना एकच सांगतात: खऱ्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ३५ किलोकॅलरी. निरोगी भारतीय प्रौढासाठी आयसीएमआरने ठरवलेली मात्रा किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. म्हणजे सिऱ्होसिसच्या रुग्णाला निरोगी माणसापेक्षा दीडपटीच्या घरात प्रथिने हवीत.

वरच्या उदाहरणातल्या रुग्णाला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम लागतील. ती मेडशीच्या ताटात बसतात का? ज्वारीच्या तीन भाकरी, म्हणजे सुमारे १८० ग्रॅम पीठ: १८ ग्रॅम. ५० ग्रॅम तुरीच्या डाळीचे वरण: ११. ५० ग्रॅम हरभऱ्याची उसळ किंवा बेसन: १०. अर्धा लिटर दूध किंवा दही: १६. ३० ग्रॅम शेंगदाणे: साडेसात. एक अंडे: ६. बेरीज सुमारे ६८ ग्रॅम. सगळे पदार्थ गावातले. डाळी आणि दुधातली प्रथिने अशा रुग्णांना मांसापेक्षा चांगली सोसतात, म्हणून इथले पारंपरिक जेवण या आजाराला अनुकूलच आहे. पाळायचे पथ्य मिठाचे: जलोदर असेल तर दिवसाला साधारण ५ ग्रॅम मीठ, म्हणजे लोणचे, पापड आणि खारे दाणे बंद. आणि दारूचा एक थेंबही नको.

रात्रीचा उपवास मोडणे हा या सगळ्यात सर्वांत स्वस्त उपाय आहे. झोपण्याआधी काहीतरी भरीव खायचे: दूध-भाकर, दाण्याचा लाडू, सातूचे पीठ दुधात कालवून. न्यूझीलंडमधील २००८ च्या अभ्यासात रुग्णांना वर्षभर रात्री ७१० किलोकॅलरीचा पूरक आहार दिला, तेव्हा त्यांच्या शरीरातली प्रथिने वाढली. तेवढाच आहार दिवसा दिलेल्यांत ती वाढली नाहीत. एकादशी, चतुर्थी, गुरुवार, नवरात्र या उपासांबद्दल कुटुंबाने मोकळेपणाने बोलावे. सिऱ्होसिसच्या रुग्णाने निरंकार उपास करू नये, इतके स्पष्ट सांगणे डॉक्टरांचे काम आहे.

मेदयुक्त यकृताच्या सुरुवातीच्या टप्प्यात मात्र भर वेगळा असतो. तिथे पोटाची चरबी घटवायची असते. जास्त वजनाच्या रुग्णाने ७ ते १० टक्के वजन कमी केले की दाह उतरतो आणि व्रणतंतूही मागे हटू शकतात. सडपातळ रुग्णाला ३ ते ५ टक्केही पुरतात. पण नुसते अन्न तोडून वजन उतरवले तर घटलेल्या वजनात स्नायूचाही वाटा असतो. वजन घटवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबाबतही हीच खबरदारी लागते. म्हणून साखर, मैदा आणि भाताचा वाटा कमी आणि डाळ, दूध, अंडी यांचा वाटा जास्त, असा बदल हवा. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या ताटातल्या सुमारे ६२ टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून आणि जेमतेम १२ टक्के प्रथिनांतून येतात. वाशिम जिल्ह्याच्या शिवारात सोयाबीन आणि तूर पिकते. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. ते नीट भिजवून, शिजवून खाल्ले पाहिजे, कच्चे नव्हे. पण पोती भरून ते बाजार समितीत जाते आणि घरात येते फक्त त्याचे तेल. या पिकाचा लहानसा वाटा घरच्या भांड्यात शिजला पाहिजे.

७. ‘शेतकऱ्याला व्यायामाची काय गरज?’

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. वखरणी, डवरणी, निंदणी, सोंगणी करणाऱ्या माणसाचा स्नायू झिजेल कसा? तीन कारणे आहेत. शेतीचे जड काम आता वर्षभर नसते. ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि तणनाशक यांनी ते थोड्या आठवड्यांवर आणले आहे. दुसरे, चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतोच आणि ताटात प्रथिने नसतील तर कष्टाने तो बांधला जात नाही, नुसता थकतो. तिसरे, ज्याची स्नायूची पुंजी जन्मतःच लहान, त्याच्यापाशी झिजायलाही थोडीच असते. निंदणीला वाकणाऱ्या बाईचे कष्ट मोठे, पण ते एकाच ठेवणीतले. मांड्या आणि दंड यांना भार देणारी हालचाल तिलाही लागते. उठाबशा, पायऱ्या चढणे, भरलेली घागर किंवा विटा सावकाश उचलणे, आठवड्यातून तीन दिवस, एवढे पुरेसे आहे. सिऱ्होसिस झालेल्यांनी मात्र अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांची तपासणी करून, डॉक्टरांना विचारूनच जोर लावावा.

८. मेडशीत काय करता येईल

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने मेदयुक्त यकृताचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा, जोखीम मोजणारा सीबॅक फॉर्म आशाताई घरोघरी भरतात. त्यात कमरेचा घेर असतो: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गुण लागतात. चरबीची बाजू अशी आधीच नोंदली जाते. स्नायूची बाजू मात्र कोरी राहते.

ती भरायला दोन चाचण्या पुरतात. एक, हात छातीवर घडी करून खुर्चीवरून पाच वेळा उठून बसणे. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूबद्दल शंका घ्यावी. दुसरी, पोटरीचा घेर: पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर शंका. टेप नसेल तर जपानी पद्धत वापरावी. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून कडे करायचे आणि ते पोटरीच्या सर्वांत जाड भागाला घालायचे. कडे सैल पडले तर स्नायू कमी. पायावर सूज असेल तर पोटरीचे माप फसवते. तिथे दंडाचा घेर आणि मुठीचा जोर पाहावा.

घेर जास्त आणि स्नायू कमी, किंवा मधुमेह, किंवा दारू, यांपैकी काही आढळले की प्राथमिक आरोग्य केंद्रात एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी व्हावी आणि फिब-४ काढावा. आकडा मोठा आला तर वाशिमचे जिल्हा रुग्णालय आहे, २०२४ मध्ये सुरू झालेले वाशिमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

९. निष्कर्ष

यकृताचा आजार एका अवयवाचा वाटला, तरी त्याची सुरुवात पोटातल्या चरबीत आणि हातापायांच्या अपुऱ्या स्नायूत असते आणि त्याचा शेवट बऱ्याच वेळा त्याच स्नायूच्या झिजेने ठरतो. पुण्याजवळच्या खेड्यांनी शिकवलेला हा धडा अजून आपल्या ओपीडीत पोचलेला नाही. तिथे अजूनही पहिला आणि अनेकदा एकमेव प्रश्न असतो, ‘वजन किती?’ तो बदलून तीन प्रश्न विचारावेत: कमरेचा घेर किती, खुर्चीवरून पाच वेळा उठायला किती वेळ लागतो आणि ताटात डाळ-दूध किती? मेडशीच्या आणि मेडशीसारख्या प्रत्येक गावच्या आशाताई, परिचारिका आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना विनंती एवढीच, की फॉर्ममधल्या घेराशेजारी स्नायूचीही नोंद सुरू करावी. आणि ज्या घरात सिऱ्होसिसचा रुग्ण आहे त्या घराने डॉक्टरांना विचारून आज रात्रीपासून झोपण्याआधी त्याच्या हातात दुधाचा पेला आणि भाकरी द्यावी.